मूत्रपिंडाची सूज : बाहेरचा शत्रू नसताना

तपासणीच्या अहवालावर 'नेफ्रायटिस' हा शब्द येतो आणि डॉक्टर तो सोपा करून सांगताना 'किडनीला सूज आहे' असे म्हणतात. दवाखान्यातून घरी पोहोचेपर्यंत त्या एका वाक्याचे तीन अर्थ झालेले असतात. कोणाला वाटते, पायावर येते तशी सूज आतही आली असेल, पाणी उतरले की जाईल. कोणाला वाटते, जंतुसंसर्ग आहे, प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्स केला की बरे वाटेल. घरातील वडीलधारी मंडळी मात्र एकमताने ठरवितात, की मुलाची प्रतिकारशक्ती कमी पडली. ती वाढविणारे एखादे चूर्ण किंवा काढा आजच सुरू केला पाहिजे.

हे तिन्ही तर्क मायेपोटी केलेले असतात; परंतु मूत्रपिंडाच्या एका मोठ्या रोगसमूहाच्या बाबतीत ते तिन्ही चुकतात, आणि तिसरा तर अगदी उलट दिशेने चुकतो. या रोगांचे मूळ प्रतिकारशक्तीच्या दुबळेपणात नसते. ती जागी असते, कामाला लागलेली असते. फक्त तिचा रोख भलतीकडे वळलेला असतो. बाहेरचा शत्रू एक तर आलेलाच नसतो, किंवा येऊन गेलेला असतो. तरीही लढाई चालू राहते आणि तिची झळ मूत्रपिंडाला बसते. ही लढाई आत कशी पेटते हे एकदा समजले, की डॉक्टर अमुक तपासणी का सांगतात, अमुक औषध का देतात आणि ते मध्येच का सोडू नये, याचाही उलगडा होतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा माणूस आहे. निवृत्तीनंतर परिचितांच्या आरोग्यविम्याची कागदपत्रे लावून देताना या आजाराच्या बऱ्याच फाइली पाहण्यात आल्या, त्या निमित्ताने वाचन आणि डॉक्टरांशी चर्चा घडली. त्याचे सार येथे मांडीत आहे.

मूत्रपिंडच का?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून वजनाने साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. तरी हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, त्यांच्याकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या घरात सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. या सर्व गुच्छांतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सारा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर पडते.

या गाळणीला तीन पदर असतात. आतून सच्छिद्र रक्तवाहिनीचे अस्तर, मध्ये एक पातळ पडदा आणि बाहेरून पायांसारखे फाटे एकमेकांत गुंतवून बसलेल्या पेशी. गुच्छातील केशिकांच्या मधोमध त्यांना आधार देणाऱ्या आणखी काही पेशी असतात. निरोगी अवस्थेत रक्तातील पेशी आणि मोठी प्रथिने या तीन पदरांच्या आतच राहतात. मात्र एवढे रक्त, तेही दाबाखाली, एवढ्या बारीक गाळणीतून जात असल्यामुळे रक्तातून फिरणारा कोणताही नको असलेला पदार्थ येथे अडकण्याचा संभव इतर अवयवांपेक्षा जास्त असतो. मूत्रपिंडाचा दोष एवढाच, की ते सर्वांचे रक्त गाळायला बसले आहे.

शंभर वर्षांपूर्वीचे एक निरीक्षण

शरीराचे संरक्षणच रोगाला कारण होऊ शकते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात पुढे आली. त्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष (सीरम) टोचले जाई आणि त्यामुळे अनेक मुलांचे प्राण वाचत. परंतु काही मुलांना टोचल्यानंतर आठ ते बारा दिवसांनी ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे दुखत, सूज येई आणि काहींच्या लघवीत प्रथिन उतरे. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन बालरोगतज्ज्ञांनी या प्रकाराचा बारकाईने अभ्यास करून 1905 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांना कोडे पडले ते मधल्या दिवसांचे. सीरमच विषारी असते तर त्रास लगेच व्हायला हवा होता. मग आठ-दहा दिवस शांततेचे का? त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की त्या दिवसांत शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत असते, आणि ती पुरेशी तयार होऊन परक्या प्रथिनाशी भिडली की त्या भिडण्यातूनच आजार उद्भवतो. त्याच मुलाला काही काळाने पुन्हा सीरम टोचले तर त्रास फार लवकर सुरू होई. कारण शरीर आता तयारीत असे. संरक्षण आणि उपद्रव यांचे मूळ एकच असू शकते, हा विचार त्या वेळी अनेकांना पटण्यासारखा नव्हता.

हाच मधला काळ आजही दिसतो. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूमुळे मुलाचा घसा येतो आणि बरा होतो. एक ते तीन आठवड्यांनी सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी कमी आणि लालसर होते, रक्तदाब वाढतो. त्वचेवरील गळवांनंतर हेच तीन ते सहा आठवड्यांनी होऊ शकते. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि जंतूंचे अंश यांच्या गाठी गाळणीत बसल्यामुळे हा दाह होतो. सुदैवाने या प्रकारातील बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. पण सर्वच प्रकार इतके सौम्य नसतात.

दाह कसा पेटतो

'आयजीए नेफ्रोपथी' हा या रोगसमूहातील जगभर सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक होय. पॅरिसमधील जाँ बेर्जे आणि निकोल इंगले यांनी 1968 साली त्याचे प्रथम वर्णन केले. 'आयजीए' हे नाक, घसा, आतडे यांच्या अस्तरावर पहारा देणारे प्रतिपिंड. बेर्जे यांना ते काही रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या गाळणीत साचलेले दिसले. ते तेथे कसे पोहोचते, हे कळायला पुढची काही दशके लागली. आजच्या समजुतीनुसार ही चार पायऱ्यांची घटना आहे.

पहिली पायरी अशी : या प्रतिपिंडाच्या अंगावर शर्करेच्या बारीक साखळ्या असतात. काही व्यक्तींच्या शरीरात, बहुधा आनुवंशिक कारणाने, या साखळीतील गॅलॅक्टोज नावाचा घटक जोडायचा राहून गेलेली प्रतिपिंडे जास्त प्रमाणात तयार होतात. दुसरी पायरी : दस्तऐवजावर एक सही राहिली तर बँकेचा कर्मचारी तो संशयास्पद म्हणून बाजूला काढतो, तसेच शरीर या अपुऱ्या प्रतिपिंडाला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडे तयार करते. तिसरी पायरी : ही दोन्ही एकमेकांना चिकटून गाठी बनतात आणि रक्तातून फिरू लागतात. चौथी पायरी : त्या गाठी गाळणीतील आधारपेशींच्या भागात जाऊन बसतात.

येथपर्यंत केवळ साचणे आहे. खरा दाह यानंतर पेटतो. गाठींचा स्पर्श होताच आधारपेशी चवताळतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या संकटाची खूण सांगणारी रसायने सोडू लागतात. रक्तात 'पूरक प्रथिने' नावाचा एक ताफा एरवी सुप्त असतो. तोही जागा होतो. त्यातील एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला कार्यरत करते, आणि प्रत्येक टप्प्यावर संख्या वाढत जाते. या साखळीतून सुटलेले काही तुकडे पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात, तर शेवटी तयार होणारा संच पेशींच्या आवरणाला थेट भोके पाडतो. बोलावून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी जी द्रव्ये वापरतात तीच येथे ओततात. जंतू तेथे नसतोच. भाजते ती गाळणीची भिंत.

भिंत फाटली की लाल पेशी लघवीत उतरतात. बाहेरच्या फाटेदार पेशी जखमी झाल्या की प्रथिन गळू लागते. दाह फार तीव्र असेल तर गुच्छाभोवतीच्या मोकळ्या जागेत पेशींचा थर साचतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो चंद्रकोरीसारखा दिसतो. अशा कोरी निम्म्याहून अधिक गाळण्यांत दिसल्या तर काही आठवड्यांतच मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. दाह मंद असला तरी धोका टळत नाही. गळालेले प्रथिन पुढे नलिकांतून जाताना तेथील पेशींवर त्याचा भार पडतो, त्याही दाहाची रसायने सोडतात, आणि आजूबाजूच्या भागात हळूहळू वण धरू लागतो. दाह शमविता येतो. वण झालेला भाग पुन्हा गाळणीचे काम करीत नाही. या आजारात वेळेला एवढे महत्त्व आहे ते याच कारणाने.

एकाच सुजेची निरनिराळी कारणे

सर्व रोगांत गाठी रक्तातून वाहत येतात असे नाही. 'ल्युपस' या विकारात शरीर स्वतःच्या पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे करते. त्याचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा तरुण वयातील असतात. 'गुडपाश्चर' विकारात प्रतिपिंडे गाळणीच्या मधल्या पडद्यावरच चाल करून जातात आणि फुप्फुसांनाही सोडीत नाहीत. आणखी एका गटात गाळणीत फारसे काही साचलेले दिसत नाही. तेथे प्रतिपिंडे पांढऱ्या पेशींनाच चिथावतात आणि त्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांची नासधूस करतात.

'मेंब्रेनस' या प्रकारात प्रतिपिंडे गाळणीच्या बाहेरच्या फाटेदार पेशींजवळ बसतात. पूरक प्रथिने तेथे आपले काम करतात, पण पांढऱ्या पेशी फारशा येत नाहीत. म्हणून लघवीत रक्तापेक्षा प्रथिन पुष्कळ जाते आणि अंगावर सूज चढते. बोस्टनमधील संशोधकांनी 2009 साली यातील बहुसंख्य रुग्णांत प्रतिपिंडांचे नेमके लक्ष्य कोणते, ते शोधून काढले. त्यामुळे आज अनेकदा रक्ताच्या तपासणीवरूनही निदानाला आधार मिळतो.

या प्रकाराचा एक पैलू दुकानदारी करणाऱ्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातील 22 मेंब्रेनस रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी 15 जणांत एक एरवी विरळ समजला जाणारा उपप्रकार आढळला, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी आजारापूर्वी त्वचा गोरी करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. अशा क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून आत जातो आणि प्रतिकार यंत्रणेला भलत्या वाटेला लावतो. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. उत्पादकाचे नाव, पत्ता, घटकांची यादी नसलेली डबी आपल्या काउंटरवरून विकली जात असेल, तर तिच्यावरील नफा कोणाच्या मूत्रपिंडातून येत आहे, याचा विचार विक्रेत्याने करावा. पारा असलेल्या काही गावठी औषधांबाबतही हाच संबंध भारतीय डॉक्टरांनी नोंदविला आहे.

आजार बोलत नाही

एका परिचित कापड व्यापाऱ्यांच्या सव्वीस वर्षांच्या चिरंजीवांना मोठ्या रकमेचा आयुर्विमा घ्यायचा होता. वैद्यकीय तपासणीत लघवीत रक्त आणि प्रथिन दोन्ही निघाले, रक्तदाबही चढा निघाला. अंगावर कोठे सूज नाही, वेदना नाही, सकाळी आठ ते रात्री नऊ दुकानावर उभे राहणारा मुलगा. घरच्यांनी 'यंत्राची चूक असेल' म्हणून दोन ठिकाणी पुन्हा तपासणी केली. निकाल तोच आला. बायोप्सीनंतर आयजीए नेफ्रोपथीचे निदान झाले. मागाहून त्याला आठवले, की सर्दी-घसादुखी झाली की दुसऱ्याच दिवशी लघवी चहाच्या गडद पाण्यासारखी होत असे. दोन दिवसांत ती स्वच्छ होई, म्हणून त्याने कोणाला सांगितले नव्हते.

क्रिएटिनिनची तपासणी चांगली आली म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी, की निरोगी गाळण्या बिघडलेल्यांचे काम उचलून घेतात आणि जवळपास निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिनचा आकडा सामान्य मर्यादेत राहू शकतो. लघवीतील प्रथिन व रक्त मात्र पुष्कळ आधी दिसते. लघवीची साधी तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत अल्प खर्चात होते. तीत दोष निघाला तर प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण, सोनोग्राफी व रक्ताच्या अन्य तपासण्या पुढे येतात.

बायोप्सीचे नाव काढले की घरात धास्ती पसरते. प्रत्यक्षात जागा बधिर करून सुईने सुताएवढे एक-दोन तुकडे घेतात आणि रक्तस्राव होत नाही ना, हे पाहण्यासाठी रुग्णाला सामान्यतः एक दिवस निजवून ठेवतात. वर सांगितलेल्या विकारांपैकी कोणता, दाह किती ताजा आणि वण किती, हे बहुतेक वेळा त्या तुकड्यावरूनच कळते, आणि उपचाराची दिशा त्यावर ठरते.

उपचारातील तोल

उपचारांचे दोन भाग असतात. पहिला, गाळणीवरील दाब कमी करणे : रक्तदाबाची ठरावीक गटातील औषधे प्रथिनाची गळती कमी करतात, आणि मूळची मधुमेहासाठी आलेली काही औषधे आता मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही दिली जातात. रक्तदाब वाढलेला नसतानाही रक्तदाबाची गोळी का, याचे उत्तर येथे आहे. दुसरा भाग, भडकलेल्या प्रतिकार यंत्रणेला आवर घालणे : स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट, रिटक्सिमॅब इत्यादी. पूरक प्रथिनांची साखळी मध्येच तोडणारी औषधेही अलीकडे उपलब्ध होऊ लागली आहेत.

हा आवर घालताना तोल सांभाळावा लागतो. कारण पहारेकऱ्याला झोपवले तर खरा चोरही आत येईल. आयजीए नेफ्रोपथीत स्टेरॉइडचा उपयोग तपासणारी 'टेस्टिंग' नावाची मोठी चाचणी भारतासह पाच देशांत झाली. सुरुवातीच्या मात्रेने गंभीर संसर्ग वाढल्याचे दिसताच ती थांबविण्यात आली. नंतर मात्रा कमी करून आणि संसर्ग टाळणारे औषध जोडून ती पुढे नेली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचाराने मूत्रपिंडाची हानी मंदावली आणि कमी मात्रेत गंभीर दुष्परिणामही कमी आढळले. म्हणून मात्रा ठरविणे हे तज्ज्ञाचेच काम. स्टेरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ते टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. चेहरा भरला, वजन वाढले म्हणून परस्पर गोळ्या सोडणाऱ्यांची संख्या कमी नाही. आणि आता हेही स्पष्ट व्हावे, की जी यंत्रणा शांत करण्यासाठी एवढी औषधे दिली जात आहेत, तिलाच चेतविण्याचा दावा करणारे चूर्ण त्याच वेळी देणे कितपत शहाणपणाचे आहे.

घरात पाळण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. आपल्याकडे ते पापड, लोणचे, शेव, खाकरा यांतूनही जाते. अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. लघवीतून प्रथिन जाते म्हणून प्रथिनाची पावडर सुरू करणे किंवा डाळ-दूध एकदम बंद करणे, दोन्ही चूक. प्रमाण आहारतज्ज्ञाकडून घ्यावे. निर्जळ उपवासाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना यातील काही औषधे मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतात.

शेवटचा मुद्दा आर्थिक नाही, तरी आपल्या समाजात तो हिशेबासारखाच वागविला जातो. मुलीला ल्युपस आहे किंवा मुलाला मूत्रपिंडाचा विकार आहे, हे स्थळे येणे थांबेल म्हणून दडविले जाते. त्यापायी तपासण्या परगावी, तारखा चुकवून, औषधे लपवून घेतली जातात. लग्नानंतर नव्या घरात गोळ्या उघडपणे घेता येत नाहीत म्हणून त्या बंद होतात, आणि विझत आलेला दाह पुन्हा पेटतो. गर्भारपणाचा विचारही अशा रुग्णाने डॉक्टरांना आधी सांगूनच करावा लागतो. त्यांतील काही औषधे गर्भाला घातक असतात. वेळेवर निदान झालेल्या आणि नियमित औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांचा संसार, व्यवसाय व्यवस्थित चाललेला दिसतो. लपविलेल्या आजाराला ही संधी मिळत नाही.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपण पेढीचा ताळेबंद पाहतो. त्याच सुमारास घरातील प्रत्येकाची, तरुणांचीसुद्धा, लघवीची तपासणी आणि रक्तदाबाची नोंद करून ठेवावी. कागदावर 'प्रथिन' किंवा 'लाल पेशी' यांच्यासमोर अधिकचे चिन्ह दिसले तर काही दिवसांनी पुन्हा तपासावे, आणि ते दुसऱ्यांदा दिसले तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.